कंडक्टरबाईंनी उतरवलेली पोस्ट

कंडक्टरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं नाव काही निवृत्त व्हायला तयार नाही. दूधवाला त्यांना कंडक्टरबाईच म्हणतो, दवाखान्यातले डॉक्टर तेच म्हणतात, आणि त्यांचा नवरा रागावला की तोही "ऐका कंडक्टरबाई" अशीच सुरुवात करतो. तो त्याच डेपोत ड्रायव्हर होता आणि बाईंची निम्मी नोकरी त्याच्याच गाडीवर झाली. एरवी तो फारसा बोलत नाही. ज्या माणसानं सारी हयात 'ड्रायव्हरशी बोलू नये' या पाटीखाली काढली, त्याला म्हातारपणी कुठून वाचा फुटणार!

बोलायचं काम बाईंकडे. उंची बेताची, चाल भरभर, आणि आवाज असा की मागच्या दाराशी बोलल्या तरी पुढच्या दारातला माणूस दचकून सुटे पैसे काढायला लागे.

गाडीत भांडणं व्हायचीच. खिडकीवरून, धक्क्यावरून, आणि निवडणुका जवळ आल्या की राजकारणावरून. इतर कंडक्टर भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये पडत आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत येत. बाईंची रीत निराळी होती. भांडणाऱ्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. त्याच्याबरोबर कोण आहे ते बघत. बायको, मित्र, ऑफिसातला कुणी, एखादी आत्या, कुणीतरी असतंच. मग त्या माणसाकडे वळून म्हणत, "तुमचेच ना हे? सांभाळा जरा." बस्स. परक्यानं गप्प बस म्हटलं की माणसाच्या अंगात आणखी वारं शिरतं. आपल्याच माणसानं बाही ओढली की तो कुरकुरत का होईना, खाली बसतो. आणि दुसरं म्हणजे, बाईंनी कधी कुणाला मधल्या रस्त्यात उतरवलं नाही. कितीही तमाशा केला तरी पुढचा थांबा येईपर्यंत तो प्रवासी आपला, असं त्यांचं म्हणणं.

ही रीत पुढे 'चौका'त आली, आणि त्या चौकाचीच ही गोष्ट.

चौक म्हणजे रस्त्यांचा चौक नव्हे. बसथांब्यासमोर चष्म्याचं दुकान आहे, त्या चष्मेवाल्यानं मोबाइलवर काढलेला हा गट. वॉर्डातल्या लोकांनी राजकारणावर मोकळेपणानं बोलावं, असा त्याचा उदात्त हेतू. लोक इतके मोकळेपणानं बोलले की मागच्या निवडणुकीत त्यानं कानाला खडा लावून गट बंदच केला. वॉर्डात पक्ष दोनच चालतात, एकाची खूण छत्री आणि दुसऱ्याची शिडी. बाकीचे हौसेनं उभे राहतात. चष्मेवाला स्वतः शिडीचा. त्यानं छत्रीवाल्याची एखादी शिवी गटातून काढून टाकली की छत्रीवाले म्हणत, आमची मुस्कटदाबी झाली. शिडीवाल्याची काढली की शिडीवाले म्हणत, हा फितूर झाला. आपलं बोलणं ते स्वातंत्र्य आणि समोरच्याचं बोलणं ती बदनामी, ही व्याख्या दोन्ही बाजूंना तोंडपाठ होती, आणि ती कुणी शिकवायलाही लागली नव्हती.

त्याच सुमारास कंडक्टरबाई नवीन चष्म्यासाठी दुकानात गेल्या. त्या पक्क्या छत्रीच्या. अक्षरांचा तक्ता वाचता वाचता त्यांनी त्याला सुनावलं, "चौक का बंद केला हो? संध्याकाळी करमत नाही. आमचे हे तर बोलतही नाहीत."

"शिव्या कोण निवडत बसणार, बाई? मी काढल्या की पक्षपात, नाही काढल्या तर नालायक."

"मग तुम्ही तुमच्यांच्या काढा. आमच्यांच्या मी काढते."

चष्मेवाला हातातली काच पुसायचा थांबला. या माणसाला कुठलीही गोष्ट दोनदा तपासून बघायची खोड आहे, तशी त्यानं हीही उलटसुलट करून बघितली, आणि आठ दिवसांनी चौक पुन्हा उघडला. नियम एकच: आपल्या माणसाला आपणच थांबवायचं. शिडीवाल्याची पोस्ट काढायची तर ती फक्त चष्मेवाल्यानं, छत्रीवाल्याची काढायची तर फक्त कंडक्टरबाईंनी. आणि कुणालाही कायमचं हाकलायचं नाही, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचं.

पोस्ट काढायच्या आधी बाई फोन करत. "लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाचून दाखवा," एवढंच म्हणत. मोबाइलवर अंगठ्यानं खून पाडणारी माणसं स्वतःचंच लिखाण मोठ्यानं वाचताना कशी अडखळतात, ते ऐकायला मजा यायची. एक निवृत्त हेडमास्तर दुसऱ्याच ओळीत थांबले आणि म्हणाले, "बाई, घरात नातवंडं आहेत, हे नाही वाचता येणार." बाई म्हणाल्या, "चौकातही आहेत." मास्तरांनी ती ओळ स्वतःच काढली आणि बाकीची टीका ठेवली. टीका चांगली झणझणीत होती, आणि मास्तर छत्रीचे असूनही ती छत्रीवरच होती. पण ती राहिली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बाईंची भाची निवडणुकीला उभी राहिली.

ही भाची म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, आणि पोर बाईंच्या घरात वाढली. शाळा सुटली की डेपोत यायची आणि मावशीची शेवटची फेरी संपेपर्यंत तिकिटांच्या पेटीवर बसून गृहपाठ करायची. आता ती हाडं जुळलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. वॉर्डातले निम्मे गुडघे तिच्या हाताखालून गेलेत. छत्रीनं तिला तिकीट दिलं त्या दिवशी बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. नवऱ्यानंसुद्धा चक्क दोन वाक्यं बोलून दाखवली.

प्रचार रंगात आला आणि एका दुपारी चौकात लाँड्रीवाल्याची पोस्ट आली. लाँड्रीवाला कट्टर शिडीचा, नाकावर राग असलेला, पण कामाला चोख. त्यानं लिहिलं होतं:

'छत्रीच्या ताई दारोदार फिरून मी तुमच्या घरातली मुलगी म्हणतात. मग आमची पहाटेची पहिली गाडी बंद करायच्या कागदावर सही कुणाची आहे? माझ्याकडे इस्त्रीला येणाऱ्या दोघी जणी आता अंधारात अर्धा रस्ता चालत येतात. घरातली मुलगी असं करते का? उत्तर द्या.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिली गाडी! ती त्यांची गाडी होती. नवरा पुढे आणि त्या मागे, अशी वर्षानुवर्षं त्यांनी ती चालवली होती. कोण कुठल्या थांब्यावर चढतं, कोण बसल्या बसल्या डुलक्या घेतं, कुणाला कुठं हलवून उठवायचं, सगळं त्यांना पाठ होतं. गेल्या वर्षी ती बंद झाली तेव्हा त्यांनी वर बसलेल्या सगळ्या साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आणि हा इस्त्रीवाला म्हणतो की त्या कागदावर आपल्या पोरीची सही आहे! हे खोटंच असलं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. भाचीला एक फोन केला असता तर खरं काय ते कळलं असतं. पण तो फोन त्यांनी केला नाही. कारण उघड आहे. त्यांना भीती वाटली.

फोन केला तो चष्मेवाल्याला.

"ती पोस्ट काढा."

"वाचली मी," तो म्हणाला. "त्यात शिवी कुठे आहे?"

"शिवी नसली म्हणून काय झालं? खोटं आहे ते!"

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"माझी भाची आहे ती. मी वाढवलंय तिला."

"बाई, तो प्रश्न विचारतोय. खोटं असेल तर ताई म्हणतील खोटं आहे. मी प्रश्न काढत नाही."

"तुमच्या उमेदवारावर असता तर काढला असतात!"

"नसता काढला," तो शांतपणे म्हणाला. खोटं बोलत नव्हता, हे बाईंना माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांचा आणखी तिळपापड झाला.

त्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर धुतलेली भांडी निथळत होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं, नवरा चहात टोस्ट बुडवून खात होता. बाईंनी मोबाइल हातात घेतला. नियम काहीही असो, मोबाइलला छत्री कळत नाही की शिडी कळत नाही. अ‍ॅडमिन दोघंच, पोस्ट काढायचं बटण दोघांनाही सारखंच होतं, आणि ते कुणी दाबलं हे गटात दिसत नसे. त्यांनी अंगठा ठेवला. पोस्ट गेली.

नवऱ्यानं मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावरूनच त्याला कळलं असावं. "ऐका कंडक्टरबाई," तो म्हणाला, "तो प्रवासी तुमचा नव्हता." आणि बुडून गेलेला टोस्ट चमच्यानं शोधू लागला.

आता पुढे काय झालं ते बघा. बाईंना वाटलं होतं, चष्मेवाला आकांडतांडव करील, मग आपणही दोन शब्द सुनावू. पण घडलं भलतंच. चौकात सगळ्यांना नियम माहीत होता. शिडीवाल्याची पोस्ट फक्त चष्मेवालाच काढू शकतो. लाँड्रीवाल्याची पोस्ट गेली, म्हणजे ती चष्मेवाल्यानंच काढली, यात कुणाला काडीइतकी शंका आली नाही. शिडीवाले त्याच्यावर तुटून पडले. विकला गेला, शेपूट घातली, छत्रीच्या ताईंकडे गुडघा दाखवायला जातो म्हणून मिंधा झाला. एकानं तर लिहिलं, याच्या दुकानातून चष्मा घेऊ नका, याला स्वतःलाच दिसत नाही. छत्रीवाले गंमत बघत होते. आणि ज्यांना खरं माहीत होतं, त्यांतला चष्मेवाला गप्प होता.

तो गप्प का, हे बाईंना संध्याकाळपर्यंत कळेना. त्यानं एका ओळीत लिहिलं असतं की मी काढली नाही, तर गोष्ट तिथेच संपली असती. बरं, त्या शिव्या शिडीवाल्यांच्या, म्हणजे त्या काढायचा हक्कही त्याचाच. पण त्यानं एकही काढली नाही. स्वतःवरच्या शिव्या स्वतः कशा काढायच्या, असा त्याचा हिशेब. असला सरळ माणूस शेजारी असणं म्हणजे ताप असतो. एखादा लबाड असता तर बाईंना रात्री झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानाकडे गेल्या. त्याच्याशी काहीतरी बोलायचं, एवढंच ठरलं होतं, काय ते ठरलं नव्हतं. दुकानाच्या काचेवर कुणीतरी कागद चिकटवला होता, त्यावर काळ्या शाईत चष्मा काढून दोन्ही काचांवर फुल्या मारल्या होत्या. आत लाँड्रीवाला उभा होता. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढून काउंटरवर आदळला.

"हा घ्या. नको मला तुमचा चष्मा. आमच्यातले म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला होता. समोरच्यांनी तोंड दाबलं असतं तर एक वेळ समजलो असतो, पण आपल्याच माणसानं?"

चष्मेवाल्यानं चष्मा उचलला, दांडी वाकली नाही ना ते बघितलं, आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. "नंबर जास्त आहे तुमचा. रस्ता ओलांडेपर्यंत तरी घाला," एवढंच तो म्हणाला. मग त्याची नजर दारातल्या बाईंवर गेली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवून रोजच्यासारखा नमस्कार केला.

बाईंनी कसेबसे हात जोडले. त्या उलट्या पावली बाहेर पडल्या. त्या सकाळी त्यांना स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी नोकरीत कधी वाटली नव्हती.

तिथून त्या तडक भाचीच्या प्रचार कार्यालयात गेल्या. कार्यालय म्हणजे तिचाच दवाखाना. व्यायामाच्या पलंगावर पत्रकांचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांना छत्रीचे झेंडे. भाची पत्रकांना घड्या घालत होती.

बाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "लाँड्रीवाल्याची पोस्ट मी काढली. चष्मेवाल्यानं नाही. सगळं गाव त्याला बोलतंय."

भाचीच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "तू?"

"खोटं लिहिलं होतं त्यानं. तुझ्यावर असले आरोप मी कसे—"

"मावशी, ते खरं आहे."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पत्रकांचा एक गठ्ठा खाली घसरला, तो कुणीच उचलला नाही.

"नागरिकांतर्फे मला बसफेऱ्यांच्या समितीवर घेतलं होतं," भाची म्हणाली. "त्यांनी आकडे दाखवले, पहिल्या गाडीला माणसंच नसतात म्हणून. मी सही केली. नंतर कळलं की मोजणी सुट्टीच्या दिवसांत केली होती. शाळा बंद, कारखाने बंद. मी विचारायला पाहिजे होतं. मला घरातच विचारता आलं असतं, तुला, काकांना. पण सही करून बसले होते. मग तुला सांगायचं धाडस झालं नाही."

"माझी गाडी होती ती," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण भाचीनं मान खाली घातली.

भाचीनं अर्धवट घडी बाजूला ठेवली. "काल पोस्ट गेली ना, तेव्हा मला वाटलं त्यानंच मागे घेतली. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आणि रात्रभर बरं वाटलं नाही. त्यानं मला उत्तर विचारलं होतं, मावशी. निदान ते उत्तर देता आलं असतं. तू माझं तोंड वाचवायला गेलीस आणि माझंच तोंड बंद करून आलीस."

बाईंनी पदर सारखा केला, चष्मा पुसला, उगाच पुन्हा घातला.

भाची उठून त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तिच्याकडे येणाऱ्या पेशंटांसमोर बसते तशी. "तुमच्या चौकाचा नियम काय आहे?"

"माहीत आहे तुला."

"आपल्या माणसाला आपणच थांबवायचं. तू छत्रीची. चष्मेवाले तुला थांबवू शकत नाहीत, म्हणून तर ते गप्प बसलेत. त्यांचा नियमच तसा आहे. मग आपल्यातलं दुसरं कोण आहे तुला थांबवायला?" तिनं मावशीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. "मी थांबवते आहे. आजपासून तू अ‍ॅडमिन नाहीस."

ज्या पोरीला त्यांनी बोट धरून बसमध्ये चढायला शिकवलं होतं, ती त्यांना उतरवत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट तर वाटलंच. पण आत कुठेतरी, छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसंही वाटलं, आणि पोरीचा अभिमान वाटला. हे सगळं एकाच वेळी. माणसाचं काही सांगता येत नाही.

"कायमची?" त्यांनी विचारलं.

"कायमचं कुणालाच उतरवायचं नाही ना? पुढच्या निवडणुकीपर्यंत."

"बराच लांबचा थांबा आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघी रडता रडता हसल्या.

चौकात त्याच दुपारी बाईंनी लिहिलं. नवऱ्यासमोर बसून आधी मोठ्यानं वाचलं, स्वतःच्याच रीतीला धरून. 'लाँड्रीवाल्यांची पोस्ट मी काढली. चष्मेवाल्यांनी मला नाही म्हटलं होतं. प्रश्न माझ्या भाचीला होता म्हणून मी नियम मोडला. माझी चूक झाली. लाँड्रीवाल्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारावा, अशी माझी विनंती आहे. चष्मेवाल्यांना ज्यांनी ज्यांनी बोल लावले त्यांनी ते बोल आता माझ्या नावावर करावेत.' वाचताना दोन ठिकाणी अडखळल्या. नवरा म्हणाला, "असू दे तसंच."

लोकांनी बोल बाईंच्या नावावर केले, अगदी व्याजासकट. छत्रीवालेही खवळले. ऐन निवडणुकीत हे काय काढलंत, असं पक्षाच्या कचेरीतून सांगून आलं. पण लाँड्रीवाल्यानं पोस्ट पुन्हा टाकली, शब्द न शब्द तोच. शेवटी एकच ओळ नवीन होती: 'बाई, चष्मा परत घेतला आहे.'

भाचीनं खाली उत्तर दिलं. सही माझी आहे. मोजणी सुट्टीत झाली, मी विचारलं नाही, ते चुकलं. निवडून आले तरी आणि नाही आले तरी पहिली गाडी परत आणायच्या मागे लागेन. हे वाचून शिडीच्या उमेदवाराला गप्प बसणं परवडणारं नव्हतं, त्यानंही तेच वचन दिलं. मग लोकांनी लिहायला सुरुवात केली. कोण त्या गाडीनं रुग्णालयात जायचं, कोण मंडईत, कुणाची मुलगी लांबच्या कॉलेजात. छत्री आणि शिडी यांची इतकी सरमिसळ झाली की कोण कुणाचं ते ओळखू येईना. चष्मेवाल्यानं त्यातून एकही पोस्ट काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतंच, असं तो म्हणतो.

भाची पडली. थोडक्या मतांनी पडली, पण पडली. त्या एका उत्तरामुळे पडली असं पक्षाच्या कचेरीत अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

बाईंच्या जागी छत्रीच्या बाजूनं अ‍ॅडमिन कोण झालं? त्यांचा नवरा. सगळे हसले. पण त्याची रीत बाईंपेक्षा जालीम निघाली. तो पोस्ट लिहिणाऱ्याला फोन लावतो, स्वतःचं नाव सांगतो आणि गप्प बसतो. पलीकडचा माणूस आधी हॅलो हॅलो करतो, मग समजावतो, मग चिडतो, आणि शेवटी कंटाळून आपणच म्हणतो, "बरं, तो शब्द काढतो."

आणि पहिली गाडी सुरू झाली.

पहिल्या सकाळी बाई आणि भाची मुद्दाम तिच्यात बसल्या. उजाडायला अजून वेळ होता, गाडीतले दिवे पिवळे, काचांवर धुकं. इस्त्रीवाल्या दोघी पलीकडच्या बाकावर होत्या, पुढे लाँड्रीवाला आईला रुग्णालयात घेऊन निघाला होता. गाडीच्या अंगावर मात्र निवडून आलेल्या शिडीच्या नगरसेवकाचा हसरा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या प्रयत्नांना यश'. भाचीनं चढताना ते बघितलं आणि बसल्या बसल्या मोबाइलवर अंगठे बडवायला लागली.

बाईंनी तिच्याकडे तिरकं बघितलं. "काय लिहितेस?"

"काही नाही."

"वाच. मोठ्यानं."

"मावशी, इथे?"

"मी अ‍ॅडमिन नाही. नुसती मावशी आहे. वाच."

भाचीनं घसा साफ केला. "दुसऱ्यांच्या कष्टावर स्वतःचा फोटो चिकटवणाऱ्या या निर्लज्ज चो—" ती थांबली. सगळी गाडी ऐकत होती.

पलीकडची इस्त्रीवाली म्हणाली, "गाडी त्यानं एकट्यानं आणली नाही, हे खरंय ताई. पण चोर कशाला?"

"फोटोवर आम्ही पण खूश नाही," लाँड्रीवाला पुढून मागे न बघता म्हणाला. "आमचाच असला म्हणून काय झालं. ते ठेवा."

भाचीनं दोन शब्द काढले. बाकीचं तसंच ठेवलं, आणि शेवटी घातलं: 'संध्याकाळच्या शेवटच्या गाडीचं काय?' मग टाकून दिलं.

पुढचा थांबा यायच्या आत तिचा फोन वाजला. घरून होता. तिनं कानाला लावला. पलीकडे कुणीच बोलेना.

"काका," भाची हसू दाबत म्हणाली, "कुणी तक्रार केली का? मी वाचून दाखवू?"

मग आवाज आला, "वाचलं. राहू दे." आणि थोडं थांबून, "मावशीला शाल घ्यायला सांग, काच नीट बसत नाही त्या गाडीची."

बाईंनी शाल ओढून घेतली. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. थांबा आला. बाहेर बरीच माणसं होती. कामावर निघालेली, पेंगुळलेली, काहींच्या हातात डबे. सगळी मागच्या दाराशीच अडली, आणि ड्रायव्हरजवळ सगळी जागा मोकळी. नवीन कंडक्टर पोरगेलासा होता, तिकिटांच्या यंत्राशी झटत होता, त्याच्या आवाजाला काही जोर नव्हता.

बाईंनी भाचीकडे बघितलं. भाचीनं मान हलवली.

"पुढे सरका!" बाईंचा आवाज गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "सगळे पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे!"

आणि छत्रीवाले, शिडीवाले, सगळे मुकाट्यानं पुढे सरकले.